खंडेनवमीचा जॅक

आमच्या गॅरेजात खंडेनवमीला हत्यारं पुजली, की दसऱ्यापर्यंत पान्याला कुणी हात लावत नाही. गाडीखाली आधाराला लावायच्या लोखंडी घोड्यासुद्धा हळद-कुंकू लावून भिंतीशी मांडतो. हा दंडक माझ्या थोरल्या भावाचा. भावताव मी करायचो, गाडीखाली तो जायचा. अंबड रस्त्यावर पत्र्याच्या शेडपासून आम्ही दोघांनी असंच उभं केलं सगळं.

त्या नवमीला एक जुना गिऱ्हाईक आपला ट्रक दुसऱ्या ट्रकला टोचन करून घेऊन आला. माल भरलेला, मागचा स्प्रिंगचा पाटा तुटलेला. मी म्हणालो, "शेठ, आज बंद हाय. उद्या या."

तो माझ्याशी बोललाच नाही. थेट दादाला म्हणाला, "तुमची पूजा मोडू नका ना. माझ्या गाडीत जॅक हाय, पाने हायेत. तुमचा फक्त हात लागू द्या."

दादा हसला. "मंग काय, हत्यार तर आपलं न्हाई."

"घोडी लाव," मी ओरडलो.

"पुजलेली हाय. आन् तू वरडू नको, सणाचा दिवस हाय."

जॅक खचला आणि गाडी खाली बसली. दादाचा उजवा हात चाक आणि पाट्याच्या मध्ये होता. हात सोडवायला गाडी पुन्हा वर घेतली तेव्हा त्या जॅकच्या बुडाशी तेल साचलेलं दिसलं. सील आधीच गेलेलं होतं, आणि ते मालकाला माहीत नव्हतं, हे मला कुणी पटवू नये.

दवाखान्यात तीन बोटं काढली. तेही मी गिळलं असतं. पण दादा घरी आल्यावर तोच माणूस चहाच्या टपरीवर सांगत होता, "जॅक बराबर होता. यालाच लावता आला न्हाई."

मी त्याची गचांडी धरली. दादा पाठीमागेच होता. डाव्या हातानं त्यानं मला ओढलं.

"सोड त्याला. लोक बघून राह्यलेत."

"तुला जॅक लावता येत न्हाई म्हणतो हा."

"म्हणू दे."

त्या माणसाकडे त्यानं पाहिलंही नाही. त्यानंतर दादा गॅरेजात आला नाही. कुंभार पिंपळगावला शेतावर गेला. गल्ल्यावर बस म्हणून मी किती विनवलं. आयुष्यात इतकी घासाघीस मी कुणाशी केली नाही, आणि एवढा हरलोही नाही.

आता फोन केला की तो कापसाचं सांगतो, बैलाचं सांगतो. इंजिनाचा आवाज नुसता फोनवर ऐकून बिघाड सांगणारा माणूस. परवा बोलताना माझ्या मागे गॅरेजात गाडी चालू होती, वॉल्व्ह स्पष्ट वाजत होता. मी मुद्दाम गप्प राहिलो, म्हटलं आता विचारेल.

"तिकडं लई कल्ला हाय," तो म्हणाला. "ठेवतो."