पसाभर जोंधळ्यावरचा वर्ग

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी कोरेगावजवळच्या आमच्या गावात बायकांना वाचायला शिकवत होते. सातवी पास झालेली, लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली मी. गावातले निम्मे तरुण पलटणीत होते. नवऱ्याने लिहिलेलं पोस्टमनच्या तोंडून ऐकायला बायकांना संकोच वाटायचा. म्हणून दुपारी आमच्या पडवीत चौदा जणी जमायच्या. फी नव्हती. दर आठवड्याला प्रत्येकीने पसाभर जोंधळा आणायचा. तो विकून पाट्या-पेन्सिली यायच्या.

पुढे सरकार सक्तीच्या लेव्हीत धान्य नेऊ लागलं आणि घरातच जोंधळा पुरेना. मी पेठेतल्या एका गुळाच्या अडत्याकडे गेले. तो म्हणाला, "सगळा खर्च देतो, वखारीची ओसरीही देतो. फक्त ती गावकुसाबाहेरची तेवढी नको."

ती पडवीच्या टोकाला वेगळी बसायची. तिचाही नवरा लढाईवर होता. सगळ्यांत लवकर शिकणारी तीच. मी दिवसभर विचार केला आणि हो म्हणाले. वर्ग वखारीच्या ओसरीवर भरू लागला.

तिला सांगितलं, "मी तुझ्या घरी येऊन शिकवीन."

"व्हय बाई. तुमी तरी काय करनार," ती म्हणाली.

मी दोनदा गेले. मग घरच्यांनी बोल लावला आणि माझं जाणं थांबलं.

महिन्याभराने तिने मला पाणंदीत गाठलं. हातात पत्र होतं. चार दिवस ती एकटीच अक्षरं जुळवत बसली होती. जोडाक्षरं आली की अडत होती.

"कुणाकडनं तरी वाचून घ्यायचं होतंस," मी म्हणाले.

"दुसऱ्याकडनं वाचून घ्यायला लागू नये म्हनूनच शिकत व्हते न्हवं?"

नवरा जखमी होऊन पुण्याच्या दवाखान्यात होता. रविवारच्या आत भेटायला ये, मग लांब हलवणार आहेत, असं लिहिलं होतं. आज मंगळवार होता, तो रविवार उलटून गेला होता. मी वाचून दाखवलं. ती पत्र घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी अडत्याला सांगितलं, "ती बसणार असेल तरच वर्ग इथं भरेल."

"मग पाट्या ठेवून जा," तो म्हणाला.

पडवीत परत सहाच जणी आल्या. आम्ही कोळशाने जमिनीवर लिहू लागलो. तिला बोलवायला मी दोनदा गेले. दोन्ही वेळा तिने मला बसायला पोतं टाकलं, पाणी घेणार का म्हणून विचारलं.

"आता येळ न्हाई गावत, बाई," एवढंच म्हणाली.

लढाई संपल्यावर तिचा नवरा एक पाय गमावून घरी आला. माझा वर्ग त्याआधीच बंद पडला होता.