दुधीसाठी कापलेले केस

सलूनवाले काका गिऱ्हाइकांचे केस मुद्दाम जास्त कापतात आणि आपल्या गच्चीवरच्या दुधीला घालतात, अशी कुजबूज एके काळी सगळ्या गल्लीत होती. कुजबूज कसली, लोक कोपऱ्यावर उभे राहून चांगलं मोठ्यानं बोलायचे. फक्त काका दिसले की आवाज उतरायचा.

निम्मी गोष्ट खरीच होती. काकांचं सलून खाली, घर वर आणि घरावर गच्ची. गच्चीत रंगाच्या रिकाम्या डब्यांत मिरच्या, फुटक्या बादलीत पुदिना, कठड्याला मोगरा आणि मधोमध निळ्या पिंपात दुधीचा वेल. पिंपाच्या तळाशी पालापाचोळा, माती आणि दुकानात झाडलेले केस यांचे थर काकांनी स्वतः दिलेले. दुधी असे धरायचे, की जिना उतरताना काकूंना ते पोर कडेवर घ्यावं तसे घ्यावे लागत.

त्या वर्षी समोर नवं सलून निघालं. थंडगार हवेचं, गोल फिरणाऱ्या खुर्च्यांचं. काकांकडे खुर्च्या दोनच. त्यातली एक फिरायची, तीही गिऱ्हाइकाच्या मनात नसताना. घर त्या दोन खुर्च्यांवर चाललेलं. आणि नेमकी तेव्हाच काकांची कात्री सुटली! 'थोडे कमी करा' म्हणणारा माणूस तुरुंगातून सुटल्यासारखा बाहेर पडू लागला. विमा एजंट तर ओळखपत्रावरच्या फोटोतला माणूस मीच, हे शपथेवर सांगून दमला. दाढी करणं काकांनी बंदच करून टाकलं. खांदा दुखतो म्हणे.

"काका, जरा जास्तच गेले का हो?" शेजारच्या मास्तरांनी आरशात बघत विचारलं.

काकांनी कंगवा झटकला. मग म्हणाले, "काय करणार मास्तर, दुधीला कमी पडत होते."

मास्तर इतके हसले, की अंगावरचं कापड घसरलं. जाताना काकांनी त्यांच्या हातात एक दुधी ठेवला. झालं! मास्तर तो दुधी सगळ्या गल्लीतून मिरवत गेले. "यात निम्मा मीच आहे," असं ते भेटेल त्याला सांगत. दुसऱ्या दिवशी एजंट हजर. "माझ्या केसांचा कुठाय?" मग टकले सोडून सगळेच हक्क सांगू लागले. कलप लावणाऱ्यांचे केस काका घेत नाहीत, अशीही आवई उठली आणि दोघातिघांचा कलप कायमचा सुटला.

काकू मात्र चक्रावल्या. कारण केसांचं पोतं गच्चीच्या कोपऱ्यात तोंडापर्यंत भरून तसंच पडलेलं होतं.

"अहो, पोतं भरलंय. मग लोकांची डोकी कशाला भादरताय?"

"वेल मोठा झालाय. पुढं लागतील."

"समोरचा टपून बसलाय, आणि तुमचं लक्ष वेलावर!"

"गिऱ्हाईक हसत जातंय ना? हसणारं गिऱ्हाईक परत येतं."

एका संध्याकाळी दुधीची पांढरी फुलं उमलली, तेव्हा काकू वाळलेले कपडे काढत होत्या. मादी फुलाच्या मागे अंगठ्याएवढा दुधी असतो. नर फूल खुडून ते तिच्यावर हलकेच फिरवलं की फळ धरतं. काकांना हे काम कुणी शिकवायला नको होतं. पण आज ते एक नर फूल दुसऱ्या नर फुलावर मोठ्या मायेनं फिरवत होते.

"अहो, थांबा! दोन्ही नवरदेवच आहेत!"

काका दचकले. "हो का? मला वाटलं..."

काकूंनी कपडे दोरीवरच सोडले. पिंपाजवळची पाण्याची झारी उचलून वर धरून त्यांनी विचारलं, "हे काय आहे?"

काकांनी डोळे बारीक केले, मान वाकडी केली आणि ठासून सांगितलं, "दुधी. आणि चांगला मोठा धरलाय."

काकूंनी झारी खाली ठेवली. मग हसू लागल्या, मग डोळे पुसू लागल्या.

"कधीपासून?"

"सहा महिने झाले असतील. कुणाला बोलू नकोस. न्हाव्याला दिसत नाही हे कळलं, तर माझ्या हाताखाली मान कोण देईल?"

"उद्या दुकान बंद," काकू म्हणाल्या. "आणि तोंडही बंद. मी सांगते तसं वागायचं."

पाच आठवडे सलूनला कुलूप होतं. काका मुलीकडे गेलेत, एवढंच काकू सांगत. समोरच्या सलूनवाल्यानं एक खुर्ची आणखी मागवून ठेवली. ती तशीच गुंडाळलेली राहिली. कुलूप निघालं त्या सकाळी मास्तर पहिले आले. केस कानांवर, कॉलरवर, सगळीकडे.

"काय हो हा अवतार?"

"दुधीसाठी साठवलेत. मोठा निघाला पाहिजे या खेपेला!"

काकांनी कात्री उचलली आणि सांगितले तेवढेच कापले. मास्तर आरशात बघून रुसले. "एवढेच? वेल वाळला का?"

त्यांच्यामागे बाकावर पाच जण बसले होते आणि दोघं दारात उभे होते.

त्या वेलाला वर्षभरात लागले ते जेमतेम तीन ओंजळी केस. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, तो त्या पाच आठवड्यांत निघाला.