नंदाच्या लग्नात न म्हटलेला धवला

सुगंधा गेल्याचा फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत होते. पनवेलला माझं पोळी-भाजी केंद्र आहे आणि सकाळची ती वेळ डबे भरायची असते. कामाला असलेल्या बाईंनी फोन माझ्या कानाला लावून धरला. पलीकडे नंदा होती, सुगंधाची चुलत बहीण. "ज्योतीताय, बाय गेली," एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "डबे सुटले की निघते." आणि डबे सुटल्यावरच निघाले. त्या दिवशी काही जणांना हे खटकलं. सुगंधाला खटकलं नसतं. उपाशी माणसाला थांबवून रडत बसणाऱ्या बायांचा तिला कंटाळा होता.

कॉलेजपासूनची मैत्रीण. ती शाळेत इतिहास शिकवायची, लग्न केलं नाही, आणि सुट्टीच्या दिवशी वाचनालयाच्या माडीवर पांढरा पडदा लावून परदेशी सिनेमे दाखवायची. मी जायचे ते चहा घेऊन, आणि बसायचे ती पाय दुखतात म्हणून. एकदा तिने सर्बियातला एक माहितीपट लावला. आधी फळ्यावर नकाशा काढून सांगितलं की हा देश पूर्वी एका मोठ्या देशाचा भाग होता, तो मोठा देश आता नकाशावर नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, परीक्षा आहे का?" ती म्हणाली, "आहे. नापास झालात तर चहा नाही."

सिनेमात काही घडत नव्हतं. एक म्हातारी बाल्कनीत बसून भाजलेल्या लाल मिरच्या सोलतेय आणि तिची नात कॅमेऱ्यामागून विचारतेय, आजोबांना त्यांच्याच पक्षाने तुरुंगात धाडलं, तेव्हा त्यांचं नाव कुणी दिलं? घरात सगळे म्हणतात की त्यांच्या सख्ख्या भावाने. भाऊ वरच्याच मजल्यावर राहतो, दोन्ही घरं जिन्यात एकमेकांकडे बघत नाहीत. म्हातारी सोलत राहते. खालच्या इंग्रजी ओळी सुगंधा मोठ्यांदा मराठीत सांगत होती. शेवटी म्हातारी हात पुसते आणि बोलते... तिथे सुगंधाचा आवाज थांबला. अर्धी माणसं आधीच उठून गेली होती. उरलेल्यांना म्हातारी काय म्हणाली ते कळलंच नाही. पडदा गुंडाळताना ती मला म्हणाली, "ज्योते, हे आमचंच घर आहे."

तिच्या घरचं मला ठाऊक होतं, सगळ्या गावाला होतं. गाव उलव्याच्या बाजूचं, थोडी भातशेती आणि मिठागर. नव्या शहरासाठी जमिनी घेतल्या जात होत्या आणि आंदोलन पेटलं, तेव्हा सुगंधाचे वडील त्यात पुढे होते. पोलीस शोधायला लागल्यावर ते मिठागरावरच्या झोपडीत लपले. तिथूनच त्यांना पकडून नेलं. सुटून आले ते आजारीच, पुढे फार जगले नाहीत. त्यांचा धाकटा भाऊ, म्हणजे नंदाचे वडील, दुसऱ्या पक्षात होता आणि जमीन देऊन मोकळं व्हावं म्हणायचा. त्यामुळे पोलिसांना ठावठिकाणा त्यानेच सांगितला, हे गावाने विचारायच्या आधीच ठरवून टाकलं.

त्यावर शिक्का मारला तो आयने, सुगंधाच्या आईने. आय धवलारीण. आगरी लग्नात भटजी असला तरी धवलारणीच्या गाण्याशिवाय लग्न लागल्यासारखं वाटत नाही. ती धवला म्हणत देवांना, पितरांना, घरच्या माणसांना नाव घेऊन मांडवात बोलावते. पंचक्रोशीत आयच्या आवाजाला मान होता. आणि नंदाच्या, सख्ख्या पुतणीच्या लग्नात आयने तोंड उघडलं नाही. भर मांडवात काका हात जोडून उभा राहिला, आय खाली बघत बसली. दुसऱ्या गावाहून धवलारीण आणावी लागली. त्या दिवसापासून काकाच्या ओटीवर कुणी पान खायला बसलं नाही. काका त्याच ओटीवर म्हातारा झाला आणि तिथेच गेला. शेवटच्या दिवसांत सुगंधा त्याला भेटायला गेली होती. तो म्हणाला होता, "बाय, तुज्या आयला इचार. तिला म्हायती हाय मी नाय केला."

मग सुगंधाने कॅमेरा घेतला. आवाज नीट यावा म्हणून माईकचा दांडा धरायला मी. गाव विमानतळाखाली जाणार हे ठरलेलं होतं, घर पडायच्या आत तिला आयकडून खरं काय ते वदवायचं होतं. काकावरचा डाग पुसायचा किंवा पक्का करायचा, पण कळायला हवं, असं ती म्हणे. आय मागच्या दारी करंदी सोलत बसायची. लहानशी कोलंबी ती, हात चालतात तसं तोंडही चालेल असा सुगंधाचा हिशोब. मिरच्या सोलणारी म्हातारी तिच्या डोक्यात पक्की बसलेली.

"आये, नंदाच्या लग्नान धवला का नाय बोललीस?"

आयने पुढची करंदी उचलली.

"बरं, आता बोल. थोडासाच."

"लगीन नाय, मांडव नाय, धवला कसा बोलाचा गो? तू करतंस का लगीन? आनतंस नवरा? आन, मंग बोलतंय." आणि माझ्याकडे बघून, "जोती, ती काठी खाली ठेव, हात दुकतील."

असं किती वेळा झालं. मी सुगंधाला म्हटलं, "अगं, त्या सिनेमा काढणाऱ्या नातीने बोललेलं ठेवलं आणि न बोललेलं कापलं. तुझी आई बोलणार नाही." ती म्हणाली, "बोलेल. माणूस शेवटी बोलतंच." घर पडलं. नव्या वसाहतीतल्या खोलीत आयला मागचं दार उरलं नाही, ती गॅलरीत सोलू लागली. मग सुगंधाचं पोट दुखायला लागलं, निदान व्हायला उशीर झाला, आणि पुढचं सगळं रुग्णालयात होतं तसंच झालं. त्याविषयी लिहिण्यासारखं काही नाही. नंदा रोज डबा घेऊन यायची. ज्या घराने तिच्या बापाला वाळीत टाकलं, त्या घरची मुलगी ती पुसत होती. शेवटच्या भेटीत सुगंधा मला म्हणाली, "आय काही म्हणाली का?" मी नाही म्हटलं. तिने भिंतीकडे तोंड केलं.

बाराव्याला जेवण माझ्याकडून गेलं होतं. पानं उठल्यावर आय मला म्हणाली, "जोती, बस." मी भांडी गोळा करत होते. ती पुन्हा म्हणाली, "बस गो." आणि सांगायला लागली. सुगंधाचे वडील लपलेले होते तेव्हा शेजारच्या गावात लग्न होतं, धवला आयचा. सगळ्यांना बोलवायची तशी नावं घेत गेली. जे येऊ शकत नाहीत त्यांना असतील तिथून बोलवायचं, ही रीत. परदेशी असेल तर तिथून, स्वर्गी असेल तर तिथून. गाता गाता नवऱ्याचं नाव आलं. आणि जिथे होता तिथून तिने त्याला बोलावलं... मिठागरावरच्या झोपडीतून.

"मांडव भरलेला. कोन कोन आयकत व्हता, मना काय म्हायती? दुसऱ्या दिशी नेला त्याला." आयचे डोळे कोरडे होते. "तवापासना गला बंद. नंदाच्या लग्नान नाय, कोनाच्याच लग्नान नाय बोलले. भायेरच्यांना नवऱ्याचा दुकना सांगून टालला, पन आमच्या घरान पयला लगीन नंदाचाच आला. लोकांनी वलखला, दिरावर राग हाय. मी वलखू दिला."

मी विचारलं, "सुगंधाला का नाही सांगितलंत? तिने एवढं विचारलं."

"बापूस तिचा लाडका व्हता. तो माज्या तोंडानं गेला, ह्या तिला कसा सांगू?"

मला तिचा राग आला, अजून आहे. ऐंशीच्या घरातल्या बाईवर रागावून काही मिळत नाही, हे कळतं. गेल्या आठवड्यात मी नंदाकडे जाऊन सगळं सांगितलं. आपण निदान हे तरी करावं, असं वाटलं होतं. तिने शांतपणे ऐकलं. चहा ठेवला. मग म्हणाली, "आता कोनाला सांगू, ताय? बापूस गेला, बाय गेली, ज्यांनी थुकला तेंचा गाव पन गेला. मी कोनच्या ओटीवर जाऊन वरडू?" मी माझा कप विसळून ठेवला.

सुगंधाचा कॅमेऱ्याचा तिपाई स्टँड माझ्या केंद्रात कोपऱ्यात उभा आहे. बायका त्यावर एप्रन टांगतात, मी टांगू देते. चित्रीकरण माझ्या मुलाने संगणकावर घालून दिलं आहे. बसून पाहिलं. आय दिसते, करंदी दिसते, कधी मागून कोंबडी जाते, एका ठिकाणी माझं कोपर दिसतं. सुगंधा कुठेच नाही. ती सगळा वेळ कॅमेऱ्यामागे. फक्त आवाज येतो, "आये, सांग ना." मग आयचे हात चालतात, बराच वेळ. मग पुन्हा, "आये, सांग ना."