दोन वह्यांच्या मध्ये

मंगळवारी सकाळी साडेनऊला नलूताई सिंगापुरात, बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांसमोर कॉफी घेऊन बसल्या. त्या उठल्या नाहीत. डॉक्टरांनी कारण सांगितलं ते हृदयाचं.

आमचा ब्लॉक एकच. त्या चौथ्या मजल्यावर, मी सहाव्या. मल्टिपल स्क्लेरोसिसने त्यांची नजर अंधुक झाली, बोटांतून पेन निसटू लागलं, बँकेतली नोकरी सुटली. तेव्हापासून मी त्यांना पुस्तकं वाचून दाखवायचो आणि त्यांच्या वह्या लिहायचो. निळी वही नसांच्या डॉक्टरांसाठी. तपकिरी पॉलिक्लिनिकसाठी, तिथे साखर आणि रक्तदाब. एकीतलं दुसरीत गेलेलं त्यांना खपत नसे.

"ज्याचं त्याला सांगावं, मास्तर. चष्मेवाल्याला कोणी दाढदुखी सांगतं का?"

मी मास्तर कधीच नव्हतो. हातात पुस्तक असायचं म्हणून ही पदवी.

एके दुपारी लिफ्टपासून घराच्या दारापर्यंत येताना त्या दोनदा थांबल्या. छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "उकाड्याने नसा रुसतात. निळीत घाला." मी लिहिलं : चालताना धाप, छातीत दडपण. त्यामुळे पुढच्या आठवड्यात पॉलिक्लिनिकमध्ये त्याचा उल्लेख झाला नाही. तपकिरी वहीत ते नव्हतंच.

मग नसांच्या डॉक्टरांची तारीख आली. बाहेरच्या बाकावर मी निळी वही वाचून दाखवत होतो. पायांतले पेटके, हातांना येणाऱ्या मुंग्या, मग ती ओळ.

"ते खोडा."

"का?"

"धाप नसांची कशी असेल? ते पॉलिक्लिनिकचं."

"तिथे तर तुम्ही नसांचं म्हणून सांगितलं नाहीत."

"पुढच्या वेळी सांगू. या माणसाला दहा मिनिटं असतात. त्यात माझं रडगाणं कशाला?"

त्यांची मुलगी इरा फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "मम्मी, जस्ट टेल हिम लाह."

"तू गप्प बस. मास्तर, खोडा."

मी एक रेघ मारली.

आत डॉक्टरांनी सगळं ऐकलं, गोळ्या लिहिल्या आणि विचारलं, आणखी काही? वही माझ्या मांडीवर उघडी होती. नलूताईंनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा त्यांना धड दिसत नसणार, तरी पाहिलं. इराही माझ्याकडेच पाहत होती. एवढ्या वर्षांत मी त्यांचा शब्द मोडला नव्हता. मी वही मिटली.

"नथिंग एल्स, डॉक्टर," नलूताई म्हणाल्या. बाहेर आल्यावर खुशीत होत्या. "बघा, आठ मिनिटांत सुटलो."

तो मंगळवार त्यानंतर अकरा दिवसांनी आला.

अंत्यविधी झाल्यावर इरा वर माझ्याकडे आली. "काका, तुम्ही ते लिहिलं होतं ना?"

मी पान काढून दिलं. तिने त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"यू कुड हॅव सेड समथिंग. मी पण."

"मी बोलायला हवं होतं," मी म्हणालो. "तू तर बोलली होतीस."

तपकिरी वही तिच्याकडे आहे. निळी माझ्याकडे. खोडलेली ओळ वाचता येते.