कूलरच्या वाऱ्यातला तंबू

हिमालयाकडं बर्फ आहे आणि आमच्याकडं मे महिना. त्यामुळं लेकीच्या मोहिमेसाठी तंबू निवडायची वेळ आली तेव्हा हिमवादळ मलाच तयार करावं लागलं. गच्चीवर दोन तंबू लावले आणि समोर घरचा डेझर्ट कूलर ठेवला. असला कूलर अख्ख्या मराठवाड्यात नाय. त्याच्या झोतानं एकदा शेजाऱ्यांची गादी उडाली ती थेट फुलंब्रीत सापडली. पाऊसही पाहिजे होता, म्हणून नळाला पाणी आलं त्या सकाळीच तंबूंवर पाइप सोडला. कॉलनीनं मला अजून माफ केलेलं नाही.

एक तंबू कोरा होता. दुसरा जुन्या बाजारातल्या एका चाचांकडून आणलेला, मोहिमेवर जाऊन आलेला. तो कुणाचा होता, असं विचारलं तर चाचा मान खाली घालून म्हणाले, "तंबू तो वापस आया ना, साब."

गेल्या खेपेला लेकीचा तंबू वर पहाडात फाटला होता. तिला अर्ध्यातून उतरावं लागलं, पायाची बोटं थोडक्यात वाचली. म्हणून यंदा ती शिवण न् शिवण चाचपत होती.

दुपारपर्यंत कोऱ्यात पाणी झिरपलं, वर त्याचा एक पोलही वाकला. जुन्याच्या आत टिपूस नाही. तेवढ्यात लाइट गेली. कूलर घरघरत थांबला, दोरीवरचे टॉवेल सरळ लोंबले, कोरा तंबू गप्प झाला. जुना फडफडतच राहिला.

मी गोष्टी वाढवून सांगतो हे साऱ्यांना ठाऊक आहे, म्हणून ही कमी करून सांगतो. त्याचं एकाच बाजूचं कापड आत दबत होतं, सुटत होतं. झोपलेल्या माणसाची पाठ हलावी तसं.

लेक चपला काढून आत शिरली. आडवी झाली. मग थोडी सरकली, कुणाला जागा करून द्यावी तशी.

हा आजच परत देऊन येतो, म्हणालो मी. दुसरा बघू.

"नको, पप्पा. यानं वरचा वारा खाल्लाय," ती आतून म्हणाली. "इथं लई गार आहे."

तिथूनच तिनं मोहिमेतल्या जोडीदारणीला फोन लावला. तंबू तिघींच्या मापाचा असला तरी आपण दोघीच झोपू, तिसरीला यात घ्यायचं नाय, असं तिनं बजावलं.

मग आम्ही तो गुंडाळला. मी गुडघ्यानं दाबून हवा काढायला लागलो. हवा निघाली ती सावकाश, लांबलचक, भर उन्हात माझी मनगटं गारठवत.

"हळू दाबा, पप्पा," लेक म्हणाली.