सक्शनवरचं कुंकू

आमच्या नानांनी आयुष्यात कशावर विश्वास ठेवला असेल तर शपथ.

आज सकाळी ते वारले. चाळीसगावला, राहत्या घरी.

जळगावात आमचं काचेचं दुकान. नाना वडिलांच्या वेळचे हेडमिस्त्री. शिडी, दोर, टेम्पोवाला, सगळ्यांवर संशय. मी मालकाचा मुलगा, म्हणून माझ्यावर जरा जास्तच.

नव्वदच्या दशकात मी मुंबईहून काच उचलायची दोन सक्शन आणली. हँडलखाली रबराच्या वाट्या. खटका दाबला की काचेला घट्ट चिकटतात.

नानांनी रबरावरून अंगठा फिरवला.

"भाऊ, हाई रबर शे. येना भरोसा धरू नको."

तरी वापरायची शिस्त त्यांनीच लावली. आधी काच पुसायची, मग रबर. धूळ, ओल, तेल काही नको. खरबरीत डिझाइनच्या काचेला लावायचंच नाही. वीतभर उचलून पकड बघायला थांबायचं. पाय काचेखाली ठेवायचा नाही.

मला तो सगळा टाइमपास वाटायचा. खरं सांगू? म्हाताऱ्याला हे सक्शन फेल झालेलंच हवंय, अशी माझी खात्री होती.

खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा केली. सक्शन उलटी ठेवलेली, त्यामुळे हळदकुंकू नेमकं रबराला लागलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. एका सराफाच्या शोकेसची मोठी काच मुहूर्ताआधी बसवायची होती. सकाळी दुकानात आलो तर नाना कोपऱ्यात पाठ करून बसलेले. फडक्याने सक्शन घासत होते.

"नाना, काय चाललंय?"

"कुंकू काढी राहिनू."

माझं डोकंच फिरलं.

"सणाच्या दिवशी कुंकू पुसता? मुद्दाम करताय ना?"

नाना घासतच राहिले.

मी माझं सक्शन ओढून घेतलं आणि त्यांच्यासमोर रबरावर पुन्हा कुंकू लावलं. चांगलं दोन बोटं.

सराफाकडे एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला नाना.

"वीतभर उचल. थांब," ते म्हणाले.

मी थांबलो नाही. मुहूर्त टळत होता.

काच कमरेपर्यंत आली आणि माझं सक्शन सुटलं. काच माझ्या मांडीवर येणार, तेवढ्यात नानांनी मध्ये हात घातला.

डाव्या हाताच्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या. ती बोटं परत कधी वाकली नाहीत.

हॉस्पिटलमध्ये वडिलांनी विचारलं, "सुटलं कसं?"

वाटलं, आता हा माणूस माझं नाव घेणार.

नाना म्हणाले, "रबर पुसाले मीच चुकनू."

वडील त्यांना सगळ्यांसमोर नको नको ते बोलले. मी तिथेच उभा होतो. तोंड उघडलं नाही.

वर इतकी वर्षं मनात तोच संशय, की नाना कधीतरी कुणाला तरी खरं सांगतील. त्या भीतीने त्यांच्या घरी जाणंही टाळलं. लाज वाटते लिहिताना.

आज स्मशानात त्यांचा मुलगा म्हणाला, "दादा, नाना आम्हाला नेहमी सांगायचे, माझ्या हलगर्जीपणाने बोटं गेली, तुम्ही तसं करू नका."

म्हणजे घरातसुद्धा बोलले नव्हते.

त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हे आईला तुम्हीच सांगा."

उद्या जातोय सांगायला.

नाना, चूक माझी होती. माफ करा. शेवटचा नमस्कार.