घळीत कुणी उतरायचं नाही

बंदरावर आगीच्या बंबावर नोकरी करून मी निवृत्त झालो, तेव्हा ग्रामपंचायतीतून विचारणा आली, गावातल्या माणसांना वणव्याचं प्रशिक्षण द्याल का? आमच्याकडे होळीच्या सुमारास सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळी माळावरचं, गवत वाळून कडकडीत होतं. कुणाच्या तरी बिडीने पेट घेतं आणि वारा असला की आंब्याची कलमं, काजूची झाडं होरपळून जातात. रत्नागिरीहून बंब येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. मी हो म्हणालो.

खरं तर वणवा विझवायला आमच्या लोकांना शिकवावं लागत नाही. ओली डहाळी तोडून सगळे धावतात. मला शिकवायचं होतं ते धावण्याआधी थांबायला. प्रमुख एकच असेल. त्याने आग झोडपायला जायचं नाही, मागे राहून वारा आणि माणसं बघायची. परत यायची वाट नक्की असल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही. आणि प्रमुखाने सांगितलं की त्यावर कुणी बोलायचं नाही, अगदी मीसुद्धा.

प्रमुख म्हणून मी एका वहिनींना निवडलं. त्यांचा नवरा बोटीवर, घरात सासू आणि धाकटा दीर. सरावात त्या मोजकं बोलत, पण ते सगळ्यांना ऐकू जाई.

"नको सर, बापयमाणसं माझं ऐकायची नाहीत," त्या म्हणाल्या.

"ऐकतील. मी आहे ना," मी म्हणालो.

मार्चमध्ये एका दुपारी सडा पेटला. मी पोचलो तेव्हा वहिनींनी कामं वाटून दिली होती. वाडीच्या बाजूने गवत कापून जमिनीचा पट्टा मोकळा करणं चाललं होतं, म्हणजे आग घरांकडे येणार नव्हती. पण दुसऱ्या बाजूने ती घळीत उतरली. घळीत कलमांची बाग होती, आणि ती त्यांच्या दिराची होती. खाली जायला एकच अरुंद पायवाट, दोन्ही बाजूंना वाळलेली झुडपं. वारा फिरला असता तर ज्वाळा चढावरून धावत वर आल्या असत्या आणि खाली गेलेल्यांना वाट उरली नसती.

"वैनी, माझी कलमं जळतायत! चला रे खाली!" दीर ओरडला. चार-पाच जण त्याच्यामागे निघालेसुद्धा.

"भावजी, थांबा. घळीत कुणी उतरायचं नाही," वहिनी म्हणाल्या. त्या वाटेच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या.

दीर माझ्याकडे वळला. "सर, तुम्ही सांगा तिला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वहिनींचं बरोबर आहे हे मला कळत होतं. तेवढंच मोठ्याने म्हणायचं होतं. पण दिराचा चेहरा बघितला आणि मी तेवढंही म्हटलं नाही. मी म्हणालो, "प्रमुख त्या आहेत. त्या सांगतील तसं."

कुणी खाली उतरलं नाही. वाराही फिरला नाही. बाग सावकाश, आमच्या डोळ्यांदेखत जळली. मोहर टिकून कैऱ्या धरलेली कलमं होती ती. संध्याकाळी वाडीत बोलणं सुरू झालं. उगाच घाबरवलं, तेवढ्यात वाचली असती बाग, बाईमाणसाला पुढे केलं की असंच व्हायचं. घरी सासू त्यांच्याशी बोलेना. दीर वेगळा जेवायला लागला.

हे कानावर आलं तसा मी त्यांच्या घरी गेलो. दीर पडवीत बसला होता. मी म्हणालो, "तुमच्या वहिनींनी माझं शिकवणं पाळलं. रागावायचं तर माझ्यावर रागवा."

"तुम्ही तिथेच होतात ना?" तो म्हणाला. "मग तेव्हा का नाही बोललात?"

वहिनी पाणी घेऊन आल्या आणि निघताना अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत सोबत आल्या. "सर, तुम्ही शिकवलंत त्यात चूक नव्हती," त्या म्हणाल्या. "पण एवढ्या लोकांत मी एकटी पडले."

पुढच्या ग्रामसभेत मी उठून सगळं सांगितलं. खाली उतरू देणं धोक्याचं होतं, मी प्रमुख असतो तरी हेच केलं असतं, आणि हे मी तिथेच बोलायला हवं होतं. दीर उठून गेला नाही, शेवटपर्यंत बसून राहिला, इतकंच.

पाऊस लागल्यावर वहिनींचा फोन आला. भावजी नवीन कलमं लावतायत, घरात बोलणं सुरू झालंय. मला फार बरं वाटलं. मग त्या म्हणाल्या, "सर, प्रमुख मात्र मी नाही राहणार."

मी आग्रह केला नाही. करायला तोंड नव्हतं. ग्रामपंचायतीतून अधूनमधून विचारतात, प्रमुख कोण? मी म्हणतो, बघतो.